होमस्कूलिंग : मोठ्या मुलांसाठी अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम कसा निवडलात?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

लेकीला नुकतंच पंधरावं सरलं. गेली काही वर्षं ती घरीच शिकतेय. गणित, विज्ञान, भाषा यांची घडी नीट बसली आहे. आता तिला अर्थशास्त्र हवंय, आणि ते तिने स्वतःहून मागितलंय. मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला की महागाई कशी काय कमी होते, हा तिचा प्रश्न. मी दिलेलं उत्तर तिला पटलं नाही आणि देता देता मलाही पटेनासं झालं. मी रसायनशास्त्राची. अर्थशास्त्राशी माझा संबंध महिनाअखेरीपुरताच.

शोधायला बसले तर पर्याय ढिगाने. तयार संच घ्यावा की पाठ्यपुस्तक आणि व्हिडिओ जमवून आपणच बांधावं? मायक्रो (ग्राहक, दुकान, एकेका बाजाराचं अर्थशास्त्र) आधी की मॅक्रो (सगळ्या देशाचं : महागाई, बेकारी, व्याजदर)? परीक्षा द्यावी का, आणि कोणती? बचत, कर्ज, विमा वगैरे शिकवणारे जे कोर्स असतात ते अर्थशास्त्र म्हणून धरता येतात का?

पण माझी खरी पंचाईत वेगळीच आहे. होमस्कूलिंगवाल्यांसाठी म्हणून मिळणारे काही संच उघडून पाहिले. एकात पहिल्याच धड्यात सरकार म्हणजे खलनायक. दुसऱ्यात नफा हा शब्द आला की पाठोपाठ लोभ आलाच. रसायनशास्त्राच्या पुस्तकात असं होत नाही हो! तिने शिकावं आणि मग मत बनवावं. आधी मत आणि मग शिकणं, असं नको आहे.

---

कावळेदादा

रुमाल टाकून ठेवतो. विषय अर्थशास्त्राचा आहे, म्हणजे पाच प्रतिसादांत सात मतं येणार. त्यातली दोन माझी असतील.

---

वडाचीपारंबी

चांगला धागा. आमची दोन्ही मुलं घरीच शिकली, थोरला सध्या कॉलेजात अर्थशास्त्रच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पुस्तकापासून सुरुवात केलीत, मी परीक्षेपासून करेन. परीक्षेचं मला प्रेम आहे असं नाही. पण आईने घरी दिलेल्या ‘अ’ श्रेणीला पुढे कोणी फारसं विचारत नाही. बाहेरच्या कोणी तपासलेला एखादा पेपर हातात असला की पुढचं बोलणं सोपं होतं. शिवाय परीक्षा ठरली की काय शिकवायचं यातलं निम्मं आपोआप ठरतं.

पुढे अमेरिकी विद्यापीठांचा विचार असेल तर एपी बघा, म्हणजे शाळेच्या वयातच द्यायच्या कॉलेज पातळीच्या अमेरिकी परीक्षा. तिथे मायक्रो आणि मॅक्रो या दोन वेगळ्या परीक्षा, दोन्ही मे महिन्यात. प्रत्येकीत ७० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न आणि त्यांना दोन तृतीयांश वजन. उरलेलं वजन तासाभराच्या तीन लेखी प्रश्नांना, त्यातला एक मोठा आणि दोन छोटे. निकाल १ ते ५ मध्ये. दोन्हींचं पहिलं प्रकरण जवळपास सारखंच आहे, त्यामुळे एक झाली की दुसरीची सुरुवात सोपी जाते.

क्लेप नावाची आणखी एक अमेरिकी परीक्षा आहे. ९० मिनिटं, ८० च्या आसपास प्रश्न, सगळे बहुपर्यायी, आणि वर्षभरात केव्हाही देता येते. एपीच्या मानाने हलकी. मात्र नामांकित विद्यापीठं सहसा तिला धरत नाहीत.

केंब्रिजकडे आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीची), त्यानंतर एएस आणि ए लेव्हल (अकरावी-बारावीच्या). खासगी उमेदवार म्हणून बसता येतं. तिथे लिहून समजावण्याला खूप महत्त्व आहे. ‘चर्चा करा’ म्हटलं की दोन्ही बाजू मांडून निष्कर्षापर्यंत यावंच लागतं. ज्या मुलाला लिहायचा कंटाळा आहे त्याला हे जड जातं, पण मला विचाराल तर अर्थशास्त्र त्यातच मुरतं.

एनआयओएसमध्ये (केंद्र सरकारचं मुक्त शिक्षण मंडळ) दहावीच्या पातळीला विषय क्रमांक २१४, बारावीच्या पातळीला ३१८. पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. बारावीच्या पातळीला नाव घालायचं तर आधी दहावी उत्तीर्ण लागते, आणि घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांचे गुण निकालात धरतात. ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आयबीचं (आंतरराष्ट्रीय शाळांत चालणारा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) नाव निघेलच म्हणून आधीच सांगतो. तो डिप्लोमा मान्यताप्राप्त शाळेत नाव घातल्याशिवाय होत नाही.

पैशांच्या नियोजनाचं म्हणाल, तर जरूर शिकवा, पण वेगळं. कर्जाचा हप्ता कसा काढतात हे यायलाच हवं. पण व्याजदर मुळात वरखाली का होतो, हा प्रश्न त्या कोर्सात येतच नाही, आणि तुमच्या लेकीला तोच पडलाय.

---

चिकटवही

वाचतेय. आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे.

---

तिरपीरेघ

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला हा विषय शिकवते. होमस्कूलिंगचा अनुभव नाही, पण घरी शिकून आलेली मुलं वर्गात असतात. प्रचाराबद्दल निळीशाईंनी लिहिलंय त्यावरच बोलते, बाकीचं वडाचीपारंबींनी लिहिलंय.

कुठलाही संच घेण्याआधी त्यातला किमान वेतनाचा भाग उघडा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. साधं मॉडेल सांगतं की सरकारने समतोलापेक्षा (जिथे कामगारांची मागणी आणि पुरवठा जुळतात त्यापेक्षा) वरचं वेतन ठरवलं तर मालक कमी माणसं ठेवतील आणि बेकारी वाढेल. हे शिकवायलाच हवं. प्रश्न एवढाच की पुस्तक तिथेच थांबतं का?

१ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड दुकानांत किती माणसं कामाला आहेत हे वाढीच्या आधी आणि नंतर विचारलं. मॉडेलप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या कमी व्हायला हव्या होत्या. त्यांना तशी घट दिसली नाही. १९९४ मध्ये हे छापून आलं आणि एकच गदारोळ झाला. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांतले आकडे घेऊन उलट निष्कर्ष काढला, त्यावर कार्ड-क्रूगरनी पुन्हा उत्तर दिलं. अशा प्रकारच्या कामाबद्दल कार्डना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

आता तुमच्या हातातलं पुस्तक यातलं काय सांगतं ते बघा. ‘किमान वेतनाने बेकारी वाढते, विषय संपला’ असं असेल तर ते एका बाजूचं. ‘अभ्यासाने सिद्ध झालं की काहीही नुकसान होत नाही’ असं असेल तर तेही एका बाजूचंच. परिसरात नोकरी देणारा एकच मोठा मालक असेल तर तो वेतन मुळातच दाबून ठेवू शकतो आणि अशा ठिकाणी किमान वेतनाने नोकऱ्या वाढूही शकतात, एवढा तर्क ज्या पुस्तकात उलगडून दाखवला असेल ते पुस्तक घ्या. लेखकांचा कल डावा की उजवा याची मग फार काळजी करू नका.

भाडेनियंत्रणावरही हीच कसोटी लावता येते. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ च्या मतदानानंतर आधी सूट असलेल्या छोट्या जुन्या इमारतींनाही नियंत्रण लागू झालं. २०१९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या भाडेकरूंना आपल्या घरात टिकून राहता आलं, हे खरं. आणि त्या मालकांनी भाड्याने द्यायची घरं १५ टक्क्यांनी कमी केली, हेही खरं. पंधरा वर्षांच्या मुलीला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता आल्या तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता माझ्या वर्गात हमखास अडणाऱ्या दोन जागा.

पहिली, आलेख. गणितात मुलं शिकतात की कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर असते आणि नग आडव्या. अर्थशास्त्रज्ञ मार्शलच्या १८९० च्या ग्रंथापासून हीच रीत रुळली आहे. गणितात हुशार मुलंच इथे जास्त अडखळतात. पहिल्याच दिवशी सांगून टाका.

दुसरी जागा म्हणजे मागणीच्या वक्रावरून (कोणत्या किमतीला किती नग घेतले जातील हे दाखवणाऱ्या रेघेवरून) सरकणं आणि वक्रच सरकणं यांतला फरक. किंमत उतरली म्हणून लोकांनी जास्त घेतलं, तर वक्र जागेवरच आहे, आपण त्याच्यावरून खाली आलो. लोकांचं उत्पन्न वाढलं म्हणून त्याच किमतीला जास्त घेतलं, तर आख्खा वक्र उजवीकडे गेला. हे पक्कं नसेल तर मुलं गोल गोल फिरतात : मागणी वाढली म्हणून किंमत वाढली, किंमत वाढली म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून किंमत घटली... पुस्तकात यावर किमान दहा-बारा उदाहरणं सोडवायला दिलेली हवीत. चकचकीत व्हिडिओंच्या संचात नेमकी हीच नसतात.

पुस्तक म्हणून राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं पाठ्यपुस्तक घ्या. फुकट आहे, एपीला जुळणारी आवृत्ती आहे, भाषा सरळ आहे. जोडीला खान अकॅडमीचे फुकट व्हिडिओ. पैसे मोजून तयार संच घ्यायची गरज मला तरी दिसत नाही.

एक धोक्याची सूचना. मायक्रोसाठी जुनी आवृत्ती चालते, मॅक्रोसाठी चालत नाही. जुन्या पुस्तकांत असं असतं की बँकांनी ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवायचा आणि मध्यवर्ती बँक तो कमीजास्त करून पैशाचा पुरवठा हलवते. अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२० मध्ये हा बंधनकारक हिस्सा शून्य केला. आता तिथे बँकांच्या फेडकडच्या शिलकीवर किती व्याज द्यायचं, यावरून दर हलवले जातात. एपीच्या मॅक्रो अभ्यासक्रमातही २०२२-२३ पासून हा बदल आला. नातेवाइकाने प्रेमाने दिलेलं जुनं पुस्तक असेल तर पैशाचं प्रकरण तेवढं नव्यातून करा.

---

निळीशाई

तिरपीरेघ, किती नेमकं लिहिलंत! दोन्ही संचांतलं किमान वेतन आत्ताच काढून पाहिलं. एकात चार ओळी आहेत, दुसऱ्यात एका कामगाराची करुण कथा आहे आणि आकडा एकही नाही. दोन्ही बाद.

---

हेमाडपंती

असहमत. पुस्तकाबद्दल नाही, क्रमाबद्दल.

मुलीला प्रश्न पडलाय महागाईचा आणि तुम्ही सगळे तिला आधी मागणी-पुरवठ्याच्या रेघा मारायला बसवताय. सहा महिने त्रिकोण मोजल्यावर तिचा प्रश्न शिल्लक राहील का? मायक्रो आधी हा प्राध्यापकांच्या सोयीचा क्रम आहे. माणूस अर्थव्यवस्थेत राहतो, वक्रांत नाही.

इतिहासाकडून शिरा. देश श्रीमंत कसे झाले, काही का झाले नाहीत, १९२९ ला काय कोसळलं, २००८ ला काय कोसळलं. कोअर इकॉन नावाचा उपक्रम आहे, त्यांचं ‘द इकॉनॉमी’ फुकट वाचता येतं. पहिल्या आवृत्तीच्या सुरुवातीलाच काही देशांच्या राहणीमानाचा शेकडो वर्षांचा आलेख आहे. शतकानुशतकं सपाट रेघ आणि मग एकदम उभा चढ. का, या प्रश्नावर पोरं तासभर भांडतात. विषमता आणि हवामानबदल त्यात शेवटी चिकटवलेले नाहीत, सुरुवातीपासून आहेत.

आणि प्रचाराचं म्हणाल, तर ‘फक्त मॉडेल शिकवतो, मतं नाही’ असं म्हणणारं पुस्तक सर्वात जास्त मतं शिकवतं. कारण कोणतं मॉडेल आधी, हे कोणीतरी ठरवलेलंच असतं.

---

तिरपीरेघ

हेमाडपंती, शेवटचा मुद्दा मान्य, अगदी खरा आहे.

पण क्रमाबाबत नाही. व्याजदराचा प्रश्न घ्या. व्याजदर म्हणजे उसन्या पैशाची किंमत. किंमत वाढल्यावर लोक कमी का घेतात हे ज्याला उमगलं नाही त्याला व्याजदराने महागाई कशी आवरते हे सांगितलं तर तो पाठ करेल, समजणार नाही. मला रेघांचं वर्ष नको आहे. मागणी-पुरवठा, लवचिकता (किंमत बदलल्यावर मागणी किती हलते) आणि किंमत बांधून ठेवल्यावर काय होतं, एवढं झालं की मॅक्रोत खुशाल उडी मारा. मक्तेदारी, उत्पादनखर्चाचे ते सगळे वक्र नंतर केले तरी बिघडत नाही.

कोअर चांगलं आहे, वादच नाही. फक्त एकट्याने वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते जड आहे. मुळात ते पदवीच्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. सोबत बसून वाचणारं कोणी असेल तर जरूर.

---

हेमाडपंती

सोबत बसायला आई आहेच की. होमस्कूलिंग चाललंय ना?

---

कावळेदादा

माझं पहिलं मत : दोघंही बरोबर. दुसरं मत : दोघांनीही आईला किती वेळ आहे ते विचारलेलं नाही.

---

चिकटवही

आम्ही घरी शिकणाऱ्या मुलांचा एक गट केलाय, त्यात झालेला एक खेळ सांगते. पुस्तक कोणतंही घ्या, हा नक्की करा. मूळ कल्पना अर्थशास्त्रज्ञ चेंबरलिन यांनी हार्वर्डच्या वर्गात वापरली आणि व्हर्नन स्मिथ यांनी पुढे नेली. स्मिथना २००२ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांच्या कामाबद्दल.

बारा मुलं घ्या. सहा खरेदीदार, सहा विक्रेते. प्रत्येकाला एक चिठ्ठी, दुसऱ्याला दाखवायची नाही. खरेदीदारांच्या चिठ्ठ्यांवर २०, १८, १६, १४, १२, १० : याच्यापेक्षा जास्त देऊ नकोस. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर ६, ८, १०, १२, १४, १६ : याच्यापेक्षा कमी घेऊ नकोस. प्रत्येकाकडे एकच नग. मग मोठ्याने बोली लावायची, सौदा पटला की दोघांनी बाजूला व्हायचं आणि भाव फळ्यावर लिहायचा. चिठ्ठी आणि भाव यांतला फरक तो तुमचा फायदा.

पहिल्या फेरीत नुसता बाजार भरतो. कोणी १८ ला घेतं, कोणी ८ ला विकतं. चिठ्ठ्या त्याच ठेवून पुन्हा खेळा. दोन-तीन फेऱ्यांत भाव १२ ते १४ च्या दरम्यान येऊन थांबतो आणि सौदे चार होतात. कोणी ठरवलेलं नसतं, इतरांच्या चिठ्ठ्या कोणाला माहीत नसतात. मग फळ्यावर सगळ्या चिठ्ठ्या उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायच्या. दोन पायऱ्या बरोबर तिथेच छेदतात. मागणी आणि पुरवठ्याचे वक्र मुलांनी स्वतः उभे केलेले असतात.

खरी मजा पुढे. जाहीर करा की ९ च्या वर भाव घ्यायला बंदी. आता विकायला तयार फक्त ६ आणि ८ वाले. घ्यायला सहाच्या सहा उभे. दोन नग कोणाला मिळणार? आमच्याकडे एक मिळाला ज्याची चिठ्ठी १० ची होती त्याला, कारण तो विक्रेतीचा भाऊ होता. २० वाली मुलगी हात हलवत परत. त्यानंतर जी चर्चा झाली ती कुठल्याही धड्यात नव्हती. एक म्हणाला बंदी चूक, एक म्हणाली चिठ्ठीवर २० असणं म्हणजे गरज जास्त की खिसा मोठा हे कुठे ठरलंय? निळीशाई, तुम्हाला हवं ते हेच असावं.

गट नसेल तर व्हिडिओ कॉलवरही होतं. चिठ्ठ्या खासगी निरोपात पाठवायच्या.

---

वडाचीपारंबी

वा, चिकटवही! शेवटचं वाक्य त्या मुलीने उत्स्फूर्त म्हटलं असेल तर तिला एपी-बिपी सोडा, थेट पीएचडीला बसवा.

---

झोपाळू

मी सतरा वर्षांचा आहे, घरीच शिकतो, दोन्ही एपी देऊन झाल्यात. आईच्या खात्यावरून लिहीत नाहीये, माझं स्वतःचं आहे. काकू, मुलांच्या बाजूने थोडं सांगू का?

व्हिडिओ बघून सगळं समजल्यासारखं वाटतं. पेन हातात घेतलं की काहीच येत नाही. एपीच्या संकेतस्थळावर आधीच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि गुण कसे दिले याच्या याद्या फुकट आहेत. त्या यादीवर स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा. आलेखावर अक्षांना नावं नाहीत म्हणून गुण जातात, बाण दाखवला नाही म्हणून जातात. गणिताची भीती बाळगू नका, कॅलक्युलस अजिबात लागत नाही. टक्केवारी, चढ आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ, बास.

तुमच्या मुलीच्या प्रश्नासाठी फ्रेड बघा. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं आकड्यांचं भांडार आहे, फुकट. मी तिथे अमेरिकेची महागाई, फेडचा व्याजदर आणि बेकारी या तीन रेघा एकाच चित्रात काढल्या. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के. फेडने मार्च २०२२ पासून दर वाढवायला घेतला, जवळजवळ शून्यावरून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर. महागाई उतरली. पुस्तकाप्रमाणे मधे बेकारी वाढायला हवी होती, कारण कर्ज महाग झालं की कंपन्या हात आखडतात. पण २०२३ भर बेकारी चार टक्क्यांच्या खालीच राहिली. का, यावर अजून वाद आहे. काही म्हणतात महागाई मुळात कोविडमध्ये माल अडकल्याने आली होती, तो सुटला आणि ती उतरली, व्याजदराला फुकटचं श्रेय. काही म्हणतात दर वाढवल्यामुळेच लोकांना भरवसा राहिला की महागाई आटोक्यात येईल. मी यावर चार पानं लिहिली आणि त्यातून मॅक्रो जेवढं कळलं तेवढं व्हिडिओंतून कळलं नाही.

आणि एक वाचायला द्या. रॅडफर्ड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९४५ चा लेख आहे, युद्धकैद्यांच्या छावणीबद्दल. तो स्वतः तिथे कैदी होता. छावणीत सिगारेट हे चलन झालं होतं. रेड क्रॉसची पार्सलं आली की सिगारेटी वाढायच्या आणि भाव चढायचे. लोक सिगारेटी ओढून टाकत, मग चलन कमी पडून भाव उतरायचे. बँक नाही, सरकार नाही, तरी महागाई आहे! एका बैठकीत वाचून होतो.

---

तिरपीरेघ

झोपाळू, ती चार पानं कुठे टाकली असशील तर दुवा दे. वर्गात वाचून दाखवेन, नाव न सांगता.

---

झोपाळू

नको मॅडम, त्यात शुद्धलेखन भयंकर आहे.

---

निळीशाई

लेकीला हा धागा वाचायला दिला. झोपाळूच्या प्रतिसादावर ती अडकून बसली आहे, फ्रेडवर रेघा काढणं चालू आहे. चिकटवहीचा खेळ पुढच्या आठवड्यात नातेवाइकांच्या मुलांना जमवून करणार.

पुस्तक ओपनस्टॅक्स ठरलं. हेमाडपंती, कोअर मी तिच्यासोबत बसून वाचणार आहे, फक्त रेघांनंतर. परीक्षेचा कल एपीकडे आहे, मायक्रो आधी. किती तास धरावेत? आणि केंद्र कसं मिळवायचं? एका शाळेत विचारलं तर बाहेरच्या मुलांना आम्ही घेत नाही म्हणून फोन ठेवला.

---

वडाचीपारंबी

तास : अमेरिकी शाळांच्या हिशेबात एक क्रेडिट (एका विषयाचा वर्षभराचा अभ्यास) म्हणजे साधारण १२० तास, अर्धं म्हणजे ६०. वाचन, उदाहरणं आणि जुने पेपर धरून एका एपीला मी पूर्ण क्रेडिटचे तास धरले होते. आठवड्याला चार तास म्हणजे तीस आठवडे. शेवटचे पाच-सहा नुसते जुन्या पेपरांना ठेवा. काय वाचलं, काय लिहिलं याची वही तारीखवार ठेवा; पुढे अभ्यासक्रमाचं वर्णन मागतात तेव्हा तीच कामाला येते.

केंद्र : नकार पहिल्या फोनला येतोच. परीक्षा मेमध्ये असली तरी शाळेला प्रश्नपत्रिकांची मागणी आदल्या नोव्हेंबरात नोंदवावी लागते, म्हणून फोन ऑगस्ट-सप्टेंबरात करा. मुख्याध्यापकांशी बोलू नका, एपी समन्वयक कोण आहे ते विचारा आणि त्यांच्याशी बोला. ती शाळा मायक्रो शिकवत नसेल तरी परीक्षा घेऊ शकते, हे समन्वयकांनाही कधी कधी माहीत नसतं. बहुपर्यायी भाग आता संगणकावर आणि लेखी भाग कागदावर असतो, त्यामुळे स्वतःचा लॅपटॉप चालेल का तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

---

मुक्कामपोस्ट

उशिरा आलो. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्यालाही हे आत्तापासून सुरू करावं का?

---

तिरपीरेघ

पुस्तक नको. चिकटवहीचा खेळ चालेल, छावणीचा लेख तुम्ही गोष्टीसारखा सांगितलात तर तोही चालेल. आलेखाचा चढ आणि टक्केवारी हातात बसू दे, मग बघा.